शेऱ्याचा रकाना

धंदा कसा सुरू करायचा हे मी कैक वर्षं पोरांना शिकवतोय. स्वतः मात्र कधी पानटपरीसुद्धा टाकलेली नाही. हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगून टाकायचो. पोरं हसायची आणि मलाही वाटायचं, बघा, माणूस किती प्रामाणिक आहे! आता ते आठवलं की माझेच कान गरम होतात.

कोर्स एक महिन्याचा. शिरड शहापूरला खत-बियाण्याच्या दुकानावरचा हॉल भाड्यानं घेतलेला. खाली युरियाची पोती, वर आम्ही. तीसेक पोरंपोरी असायची. निम्मी सर्टिफिकेटसाठी आलेली, काही सकाळच्या पोह्यांसाठी, आणि बाकीच्यांना घरात बसून घरच्यांची तोंडं बघायचा कंटाळा आलेला. कुणाला मोबाइलचं दुकान टाकायचं असे, कुणाला ब्युटी पार्लर. "अगं, तुझ्या गावात तीन पार्लर आहेत, चौथ्यात कोण येणार?" असं विचारलं की पोरगी म्हणे, "येतेत सर." कशावरून येतेत? "येतेत की." मग माझं डोकं सटकायचं. "येतेत की, येतेत की! उठा सगळे. दहा घरं फिरा, विचारा, लिहून आणा, मग माझ्याशी बोला."

हा माझा हुकमी धडा. त्यासाठी एक छापील फॉर्म होता. घर कुणाचं, गाव कोणतं, वस्तू घेणार का, किती घेणार, आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना, शेरा. दहा घरांनी घेऊ म्हटलं तर धंदा चालेल, चार घरांनी म्हटलं तर दुसरं काही शोधा. इतकं सरळ.

आता मी कुरुंद्यात जन्मलेला माणूस. आमच्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? जेवायला या म्हटलं, येतो की. पातेलं उद्या आणून देता का, देतो की. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा केल्यासारखं. म्हणून हो म्हणायचं आणि करायचं नाही, आणि समोरच्यानंही काय ते समजून घ्यायचं. सगळं गाव असंच चालतं. ते सगळे होकार मी फॉर्मवर उतरवून घेत होतो आणि त्याला मार्केट म्हणत होतो.

एका वर्षीच्या बॅचला एक पोरगी होती. वय बावीस, बी. ए. झालेली, मागच्या बाकावर बसायची. शिरडपासून जवळच्याच एका खेड्यातली. घर बौद्ध वस्तीत, बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला. पहिले आठ दिवस तिनं तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी स्टीलचा डबा घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. आत तळलेल्या कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, त्याचा चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा आणि कडक उन्हात वाळवायचा, असं हे काम. तिच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र, तोंडात घातल्या की विरघळणाऱ्या. डबा पाच मिनिटांत रिकामा झाला. सगळ्यात आधी मीच हात घातला होता आणि सगळ्यात जास्त मीच खाल्ल्या.

"सर, मी ह्याचा धंदा करू का?" तिनं विचारलं.

"करू का काय विचारतेस? कर!"

"तुमी घ्याल का?"

"मी? लिही. पहिलं नाव माझं लिही. कुरुंदा, पाच किलो."

तिनं खरोखर लिहिलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या फार आवडल्या, खोटं कशाला बोलू.

मी दहा घरं सांगितली होती, ही चाळीस फिरली. तिचं गाव, शिरड, आणि थेट कुरुंद्यापर्यंत. फागुनाचे दिवस, अंगणाअंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली, त्यातून वाट काढत ही फॉर्म घेऊन दारोदार. चाळीसच्या चाळीस घरांनी घेऊ म्हटलं होतं. माझ्या सगळ्या वर्षांत असा सर्व्हे आला नव्हता. मी खुर्चीतून उठलो. मग माझं लक्ष शेऱ्याच्या रकान्याकडे गेलं. तो रकाना पोरं कोरा सोडतात, हिनं बारीक अक्षरात भरून काढला होता.

"हो म्हणल्या. बाहेरच बोलल्या." "हो म्हणल्या. डबा हातात घेतला न्हाई, ओट्यावर ठेव म्हणल्या." "चव बघा म्हणलं तर मागून बघते म्हणल्या." "आधी कोणाची तू म्हून विचारलं, मंग हो म्हणल्या." खालपर्यंत हेच.

मी लाल पेन घेतला आणि सगळ्या शेऱ्यांवरून वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'विषयाशी संबंध नाही.'

"सर, हे बी धरायला पायजे न्हाई का?" ती म्हणाली.

"हे बघ, मार्केटला जात-बित नसते. माल चांगला असला की माल विकतो."

 तिनं फॉर्म घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, किती मोठी गोष्ट सांगितली आपण पोरीला!

चैतात तिचं काम बघायला मी तिच्या घरी गेलो. पत्र्याच्या घरापुढं बाजा टाकलेल्या, त्यांवर धुतलेल्या साड्या आणि साड्यांवर ओळीनं कुरडया. आई चीक हाटत होती, ही सोऱ्या दाबत होती, हात कोपरापर्यंत भाजल्यासारखे लाल. भिजलेल्या गव्हाचा आंबट वास. मला खुर्ची दिली, चहा दिला. मी तो प्यायलो. मी असल्या गोष्टी पाळत नाही असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

बाप दुपारी आला. अंगावर सिमेंट, पायात तुटकी चप्पल. माझ्यासमोर बाजेवर न बसता खाली बसला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"सर, पोरीला एक जागा आलीय. सेनगावकडलं पोरगं हाय, ऊसतोडीला जातंय. निर्व्यसनी हाय. दिवाळीच्या आत लगीन पायजे म्हणतेत, काहून की एकट्याला मुकादम घेत न्हाई. कोयता म्हणजी नवरा-बायकोची जोडी."

"अहो, पण ती बी. ए. झालेली आहे!"

"व्हय. म्हूनच थांबलोय. ती म्हणती, मला धंदा करू द्या. मी म्हणलं, कर. दिवाळीपस्तोर बघू. चालला तर लगीन रहित, मी सोता त्यायला न्हाई म्हून सांगतो. न्हाई चालला तर मंग तिनं हट धरायचा न्हाई."

पोरगी सोऱ्या दाबायची थांबली होती.

मी छाती पुढं काढून सांगितलं, "चाळीस घरांनी लिहून दिलंय. चालणार म्हणजे चालणार."

बापानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपण लहान लेकराकडं बघतो ना, तसं. "लिहून देतेत सर," तो म्हणाला. "घेतेत का बघू. तुमी शिकलेले, तुमाला जास्त ठावं."

वैशाखात ती माल घेऊन निघाली. पाकिटावर लेबल होतं, त्याच्यावर पिवळा सूर्य, तो मीच काढून दिला होता. ज्या घरांनी हो म्हटलं होतं त्याच घरांच्या दारात ती उभी राहिली. बाई, आमी घरीच केल्या की गं औंदा. मालक घरी न्हाईत. सून माहेराला गेली, ती आल्यावर ये. उद्या ये. उद्या गेली की परवा ये. कुणी वाईट बोललं नाही, कुणी हाकललं नाही. एका घरात तर म्हणे तिला लिंबाच्या सावलीत बसायला सांगितलं, उन्हाचं आलीस माय म्हणून हळहळले, आणि पाकीट घेतलं नाही.

वस्तीतल्या घरांनी घेतल्या, पण तिथं घरोघरी बायका स्वतःच कुरडया घालतात, त्या किती घेणार? हिंगोलीत एका दुकानदारानं दहा पाकिटं ठेवून घेतली. चौथ्या दिवशी लेबलावरचं आडनाव वाचून त्यानं गाव विचारलं, कोणाची तू विचारलं, आणि संध्याकाळी पाकिटं परत केली. "बराबर हाय, माल चांगला हाय, पन गिऱ्हाईक विचारतं ना बेटा," असं म्हणाला.

तिनं मला फोन केला. "सर, अशा टायमाला काय करायचं असतंय?"

आणि मी काय केलं? मी तिच्यावरच चिडलो. "तू पडेल चेहऱ्यानं जात असशील. हसून बोल. पाठपुरावा कर. एकदा नाही, सात वेळा जा. वर्गात काय झोपली होतीस का?" वर आणखी अक्कल शिकवली, की लेबलावरून आडनाव काढून टाक, नुसता सूर्य ठेव.

 मग ती म्हणाली, "सर, नाव काढल्यावर कुरडई जास्त गोड लागती का?"

"धंदा करायचाय की भांडायचंय?" मी म्हणालो आणि फोन ठेवून दिला. आज वाटतं, त्या वेळी कुणीतरी माझ्या एक मुस्काटात द्यायला हवी होती.

माझे पाच किलो मात्र ती कुरुंद्याला घरी आणून देऊन गेली होती. मी एरवी शिरडला राहतो, त्या दिवशी शनिवार म्हणून घरीच होतो. आई ओट्यावर आली. "बस गं माय, लई लांबून आलीस," म्हणाली, लोट्यातून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. पाकिटं ओट्याच्या कडेला ठेवून घेतली. "लई देखण्या झाल्यात गं, हात चांगलाय तुझा." पोरीचा चेहरा फुलला. मी तिला पैसे दिले आणि म्हणालो, "बघ, झालं की नाही पहिलं गिऱ्हाईक?" ओंजळीत ओतलेलं पाणी मी बघितलं होतं. घरात पेले नव्हते असं नाही.

पावसाळा गेला. श्रावण गेला, गौरी-गणपती गेले. तिच्या घरात कुरडयांचे डबे तसेच. दसरा झाल्यावर मी साफसफाईला म्हणून गावी गेलो होतो, मंगळवारी. संध्याकाळी गोठ्याकडं गेलो तर गडी म्हशीपुढच्या टोपल्यात पेंडीबरोबर काहीतरी पांढरं मिसळत होता. शेणात पाकीट पडलेलं. त्याच्यावर पिवळा सूर्य.

मी तसाच आत गेलो. "आई, त्या कुरडया म्हशीला घातल्या?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "मंग काय करायच्या? उकिरड्यावर फेकू? अन्न हाय ते."

"तिला तर देखण्या म्हणालीस!"

"देखण्या व्हत्याच की."

"अगं, मग तळल्या का नाहीस?"

आता तिनं वर बघितलं. "तू काहून म्हणला न्हाईस? सहा महिने झाले, दर शनिवारी येतूस, जेवतूस. एकदा तरी म्हणलास का, आई, त्या पोरीच्या कुरडया तळ? म्या वाट बघून राहिले व्हते, हा म्हणला तर काय करावं म्हून. तू म्हणलाच न्हाईस."

मला आईचा राग आला असं सांगितलं तर सोपं होईल. आला, पण तेवढ्यापुरता. तिचं खरं होतं. वर्गात सगळ्यांसमोर मी मूठ मूठ खाल्ल्या होत्या, टाळ्या घेतल्या होत्या, आणि स्वतःच्या घरात सहा महिने त्या पाकिटांचं नाव काढलं नव्हतं. विसरलो होतो म्हणावं तर तेही खरं नाही. नाव काढलं तर काय होईल ते मला आतून माहीत होतं, म्हणून काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो बाप आणि ती पोरगी आमच्या दारात आले. बाप धुतलेल्या कपड्यांत, डोक्यावर टोपी. पोरीच्या हातात पिशवी. मी ओट्यावर बसलो होतो. या म्हणालो. ते पायरीवर बसले.

"सर," बाप म्हणाला, "पावणे परवाच्याला येऊन राहिले. मी त्यायला काय सांगू ते विचाराया आलो. पोरगी म्हणती, आपला माल वस्तीभाईर एका घरानं तरी खाल्लाय, सरच्या घरानं. म्हणती, एकानं खाल्ला तर दुसरा खाईल, एक वरीस अजून द्या. मला पटलं. खरंच खाल्ल्या असतील तर मी पावण्याला आजच न्हाई म्हून फोन करतो. तुमच्या तोंडून ऐकावं म्हणलं."

पोरगी माझ्याकडे बघत होती. 

"हो," मी म्हणालो. "खाल्ल्या की."

मागं दारात आई येऊन उभी होती. तीही म्हणाली, "खाल्ल्या की गं. लई गोड लागल्या."

बापाचा चेहरा हलला नाही. त्यानं पोरीच्या हातातून पिशवी घेतली, आतून कुरडयांचं एक पाकीट काढलं आणि ओट्यावर माझ्यापुढं ठेवलं. "मंग माय, एवढ्या तळून आणा. हितंच आपुन चौघंजण मिळून खाऊ. तोंड गोड करून जातो."

 आतमध्ये चुलीवर कढई होती, तेलाचा डबा होता. कुरडया तळायला पाच मिनिटं लागत नाहीत. आईला जमत नसेल तर मी उठायचं होतं, माझंच घर होतं ते. निदान पाकीट फोडून एक कच्ची कुरडई दाताखाली धरायची होती. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती, असं मी तिला कधी बघितलं नव्हतं. आणि मी तिची सुटका केली.

"आज आईचा उपास आहे," मी म्हणालो.

आईचे उपास मला तोंडपाठ आहेत. सोमवार आणि चतुर्थी. त्या दिवशी बुधवार होता, चतुर्थी-एकादशी काही नव्हतं, आणि आतून भाजीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास ओट्यापर्यंत येत होता.

"अस्सं," बाप म्हणाला. "आन तुमचा, सर?"

"मी... आत्ताच जेवलो."

"बराबर हाय." त्यानं पाकीट उचललं, पिशवीत ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याला सगळं येतानाच माहीत होतं, असं आज मला वाटतं. पोरीला एकदा दाखवायचं होतं, म्हणून तो आला होता. किंवा त्यालाही थोडी आशा असेल. मी कधी विचारायला गेलो नाही, काय तोंड घेऊन जाणार?

पोरगी उठताना रडली नाही. तिनं चप्पल घातली, ओढणी सारखी केली. मग वळून माझ्याकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "येते सर. आईला म्हणा, सोडा आता उपास. आमी चाललो."

लग्न दिवाळीच्या आधीच झालं. मला पत्रिका आली होती. येतो की, असं फोनवर सांगितलं आणि गेलो नाही. दिवाळी झाल्यावर टोळी गेली, तिच्या नवऱ्याचा कोयता आता पुरा होता. एकदा चौकशी केली तेव्हा कळलं, पहाटे उठून ती मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकवर चढवते. बी. ए.चं सर्टिफिकेट आणि माझ्या कोर्सचं सर्टिफिकेट माहेरी पेटीत आहेत म्हणे. आईनं त्या बुधवारबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही. मीही नाही. आम्ही दोघं आता कुरडया खात नाही, एवढंच. लग्नाच्या पंगतीत पानात पडली तर कडेला सारतो.

तिचा तो फॉर्म माझ्याकडेच राहिला. चाळीस होकार, आणि माझ्या लाल रेघेखालचं ते बारीक अक्षर. रेघेतून सगळं वाचता येतं. पहिल्या ओळीवर माझं नाव आहे, आणि तेवढ्या एकाच ओळीपुढं शेऱ्याचा रकाना कोरा आहे. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

शिकवणं सोडलं नाही, पोट आहे. याही वर्षी तीस पोरंपोरी आहेत, याही वर्षी कुणीतरी डबा घेऊन येतं. दहा घरं फिरा असं मी अजूनही सांगतो. फक्त पहिल्याच दिवशी एक सांगून टाकतो, की माझं घर त्यात धरू नका.